पास्कलकाकांचा गिअरबॉक्स

दर शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून आले की पास्कलकाका इस्त्रीचा शर्ट न उतरवता गाडीचं बॉनेट उघडत, इंजिन चालूच ठेवत, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी उपसत आणि पांढऱ्या रुमालावर पुसत. मग तो रुमाल हुंगत.

"लाल आहे. जळका वास नाय. चला, अजून एक आठवडा जगली."

ओमानमध्ये, अझैब्यात आमच्या खोल्या शेजारीशेजारी. काका वसईचे, एका हॉटेलात स्टोअरकीपर. देश सोडून चाललेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ही ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. ती चर्चला जाई आणि परत येई. कामाला काका हॉटेलच्या बसने जात.

आमच्या घराण्यात मी पहिला ग्रॅज्युएट. छापील शब्दावर माझा फार विश्वास. गाडीचं पुस्तक वाचून मी म्हटलं, "काका, साठ हजार किलोमीटरला तेल बदलायचं. तुमची वीससुद्धा झाली नाही."

"ग्रॅज्युएट, तेल किलोमीटर मोजत नाय. नुसतं बसून पण म्हातारं होतं."

दर दोन वर्षांनी ते तेल बदलत. निघण्याआधी ब्रेक दाबून प्रत्येक गिअरवर तीन आकडे मोजत. एकदा गाडी पुरती थांबायच्या आत मी दांडा मागच्या गिअरला, रिव्हर्सला ओढला. काका तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. रुमाल मात्र दर शुक्रवारी दाखवत.

कुरुमचे एक ओमानी गृहस्थ दरवर्षी गाडी विकत मागायला येत. त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत काकांचं उत्तर ठरलेलं. "खलास, अर्बाब. मिसेस येणार. गाडी तिची."

मिसेस अकरा वर्षं येणार होत्या. आधी सासूबाई अंथरुणाला, मग मुलांच्या परीक्षा. आम्ही काकांच्या पाठीमागे हसायचो.

दोन हजार साल उलटल्यावर रोझीकाकू तीन महिन्यांसाठी खरंच आल्या. विमानतळावर त्या डावा पाय ओढत बाहेर आल्या. लहानपणचा पोलिओ. साध्या गाडीचा क्लच त्यांना दाबताच आला नसता. गाडीचं पुस्तक मला पाठ होतं. ऑटोमॅटिकच का घेतली, हे मात्र मी काकांना कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी घरामागच्या मोकळ्या मैदानात काकू स्टिअरिंगवर, काका शेजारी, मी मागे. गाडी निघाली. समोर कुंपण दिसलं आणि काकूंनी घाबरून चालत्या गाडीतच दांडा मागच्या गिअरला ओढला. खालून जो दणका बसला, त्याने मी डोळे मिटले.

"अवो, मोडला काय?"

काकांनी खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढला आणि काकूंच्या कपाळावरचा घाम पुसला.

"मोडू दे. तुझ्यासाठीच ठेवलाय. घाल परत गिअर."