परतीचं टेबल

"आपलं पहिल्या नंबरचं गिऱ्हाईक कोण ते काढ. भर सभेत शाल-श्रीफळ देऊ," शेषगिरीअण्णांनी सुनेला, उत्तराला फर्मावलं.

दाजीबानपेठेतल्या त्यांच्या साड्यांच्या दुकानाची ऑनलाइन विक्री सुरू होऊन वर्ष झालं होतं. समोरचा दुकानदार नागेश "साडी काय मोबाइलवर विकतात होय?" म्हणून हसला होता, ते अण्णांच्या मनात सलत होतं. उत्तराने डेटाबेसवर क्वेरी चालवली: सर्वांत जास्त ऑर्डरी कुणाच्या? उत्तर चुटकीसरशी आलं. इंदुमतीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, नवनगर. बावन्न साड्या!

अण्णांनी त्याच दमात हॉल ठरवला, फलक छापले आणि पहिली पत्रिका नागेशला दिली.

कार्यक्रमाच्या सकाळी उत्तरा चाचरत म्हणाली, "मामंजी, परतीचं टेबल बघायचंच राहिलं की हो."

ते टेबल वेगळं ठेवायची अक्कल अण्णांचीच. परत आलेल्या मालाचं नाव विक्रीशेजारी नको, अपशकुन होतो, हा त्यांचा दंडक. दुकानात गिऱ्हाइकाला 'परत या' म्हणायचीसुद्धा चोरी होती. आता उत्तराने दोन्ही टेबलं जोडून पाहिली होती. बावन्न साड्या गेल्या, एक्कावन्न परत आल्या. प्रत्येक साडी बरोबर सातव्या दिवशी, अत्तराच्या वासासकट.

"अय्यो! बाई लग्नं उरकून साड्या परत करते!" अण्णा मटकन खाली बसले. "आणि बावन्नावी?"

"तिचे सात दिवस अजून भरायचेत."

"सुम्ने गप बस. नागेशला कळलं तर पेठभर बोंब मारेल."

संध्याकाळी शाल पांघरून इंदुमतीबाई माइकपुढे उभ्या राहिल्या. नेसली होती बावन्नावी. "अण्णा म्हणजे देवमाणूस बघा! वर्षभर मला साडीला पैसाच पडला नाही. नेसा, मिरवा, सात दिवसांत पाठवून द्या. का म्हणून विचारत नाहीत!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दोघी-तिघींनी तर लिहूनही घेतलं.

दोन दिवसांत तीनशे ऑर्डरी आल्या. झालं गेलं विसरून अण्णांनी नागेशला मुद्दाम बोलावून आकडा दाखवला. नागेश चहा न पिताच उठला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दुकानापुढे कुरियरचा टेम्पो लागला. उत्तराने परतीचं टेबल उघडायला घेतलं, तसे अण्णा ओरडले, "ते नको! आज शुक्रवार, लक्ष्मीचा वार!"

"मग एवढे गठ्ठे कशात लिहू?"

समोरच्या पायरीवर नागेश मान उंचावून बघत होता. अण्णांनी टोपी सारखी केली आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "खरेदीत लिही. नवा माल आलाय."