कखग वकिलांची नोटीस

टीव्हीशेजारी ठेवलेलं पाकीट जागेवर नाही, हे संयोगिताच्या लक्षात आलं तेव्हा मंगळवारचे बारा वाजत आले होते. तिनं टीव्हीमागे पाहिलं, पुस्तकं उलटीपालटी केली आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं. राजेश्वरीबाई भाकरी थापत होत्या. "काल तुझं पप्पा रहिमतपूरला निघालं तवा घेऊन गेलं की," त्या म्हणाल्या. "म्हनलं, पोरीची डाक ऱ्हायलीय, टाकून येतो."

ते पाकीट पोस्टात टाकायचंच नव्हतं.

ही पोरगी साताऱ्यात एकाच वेळी दोन पदव्या घेत होती. एक कायद्याची, दुसरी राज्यशास्त्र आणि पत्रकारितेची. ती पुढे नक्की कोण होणार हे गावात कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे तिच्याविषयी सगळ्यांना आदर होता. तिचे वडील लालासाहेब सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरीनं एकच काहीतरी धड करावं असं त्यांचं मत होतं. पण थोरले बंधू आकारामतात्या मध्ये पडले, म्हणाले, शिकू दे, मी जामीन ऱ्हातो. थोरल्यापुढे सुभेदारांचं चालत नसे. त्यांनी होकार दिला, पण अट घालून: ज्या दिवशी या कायद्यानं घरात भांडण आणलं, त्या दिवशी कॉलेज बंद.

आणि आता त्या पाकिटात, लालासाहेबांच्या वतीनं आकारामतात्यांना दिलेली कायदेशीर नोटीस होती.

तिचा हेतू वाईट नव्हता. कायद्याच्या सरांनी शेजाऱ्याच्या उपद्रवाबद्दल नोटीस लिहून आणायला सांगितली होती. पाकीट, पत्ता, पोचपावती, सगळं खऱ्यासारखं हवं. फक्त नावं खोटी घाला आणि पाकीट टाकू नका, एवढंच त्यांनी बजावलं होतं. पण त्याच आठवड्यात पत्रकारितेच्या मॅडमनी नाव, गाव, वार, वेळ खरी नसेल तर कागद फाडून टाकीन, असा दम भरला होता. संयोगितानं दोन्ही गुरूंचा मान राखला. वकिलाचं नाव सरांच्या नमुन्यातलंच ठेवलं, 'ॲड. क. ख. ग.' बाकी सगळं खरं. उपद्रवासाठी तिला लांब जावं लागलं नाही. दोन्ही घरांची मधली भिंत एकच होती आणि तात्या रोज दुपारी एक ते तीन त्या भिंतीपलीकडे घोरत.

लालासाहेबांनी मात्र पत्ता पाहिलाच नव्हता. चष्मा घरी होता, आणि बंद पाकीट दिसलं की ते रवाना करायचं, ही अठ्ठावीस वर्षांची सवय.

संयोगिता चपला घालून धावली. पण पोस्टमन तिच्या आधी विकास सोसायटीच्या ओट्यावर पोचला होता, आणि तिथं बसलेल्या तात्यांनी ते पाकीट वाचायला हंबीररावांच्या हातात दिलं होतं. हंबीरराव म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. तीन वर्षांत त्यांच्यापुढे एकही तंटा आला नव्हता, त्यामुळे ते जरा खचले होते. त्यांनी घसा साफ करून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. माझे अशील श्री. लालासाहेब यांच्या दुपारच्या शांततेचा आपण भंग करीत आहात. दिनांक सात रोजी आपण एक वाजून दहा मिनिटांनी घोरण्यास प्रारंभ केला व पावणेतीनपर्यंत ते चालू ठेवले. मध्ये फक्त एकदा कूस बदलली. तरी पंधरा दिवसांत घोरणे बंद करावे.

ओट्यावर दहा-बारा माणसं होती. कुणीही हसलं नाही, इतकी ती नोटीस पक्की होती.

"ह्यो कखग वकील कुठला?" एकानं विचारलं.

"साताऱ्याचा," हंबीरराव म्हणाले. "लय मोठा असनार. नुसत्या अक्षरावर भागतंय त्याचं."

तात्यांनी नोटीस घडी करून टोपीत ठेवली आणि निघून गेले. त्याच दुपारी त्यांनी अंथरूण उचललं आणि उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत मुक्काम हलवला.

राज्यशास्त्राचा भाग मग गावानं आपणहून पूर्ण केला. बुधवारपर्यंत दोन पक्ष झाले, घोरणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. लालासाहेब घरोघर सांगत सुटले की आपण कसलीही नोटीस दिली नाही. पण कागदावर नाव होतं, आणि कागदापुढे तोंडाला कोण विचारतो? तात्यांनी आपल्याला एका शब्दानं न विचारता घर सोडलं याचा सुभेदारांना राग आला. सख्ख्या भावानं वकील गाठला याचं तात्यांना वाईट वाटलं. गुरुवारी तीन बाया संयोगिताकडे येऊन कखग वकिलांचा नंबर मागून गेल्या. त्यातली एक हंबीररावांची बायको तानुबाई होती, आणि तिनं तारखा लिहूनच आणल्या होत्या.

खरं सांगितलं तर कॉलेज बंद होणार, म्हणून संयोगितानं तीन दिवस कळ काढली. पण हेच तात्या तिच्या परीक्षेच्या दिवशी पहाटे गाडी काढून तिला स्टँडवर सोडायचे. शुक्रवारी ती डबा घेऊन उसात गेली आणि त्यांच्यासमोर बसून रडत रडत सगळं सांगून टाकलं.

तात्यांनी टोपीतून नोटीस काढली, उलगडली, पुन्हा वाचली.

"म्हंजे लालानं न्हाई दिली?"

"न्हाई. मी लिवली. अभ्यासाची हुती."

"आन् ह्यो कखग?"

"कुनीच न्हाई, तात्या."

तात्यांचा चेहरा एकदम हलका झाला. संयोगिताला वाटलं, सुटले. ती अंथरूण गुंडाळायला उठली, तर त्यांनी हात धरून तिला खाली बसवलं. "आगं, मी आता घरी आलो तर लाला इचारंल, कसं काय आलास. मग तुजं नाव निघंल. त्याची अट ठावं हाय न्हवं? दोन वर्सं ऱ्हायल्यात तुजी. त्यापरीस मी हितंच झोपतो. ऊस काय नोटीस देत न्हाई."

ती परत आली ती आणखीच रडत.

इकडे लालासाहेबांची अवस्था वेगळीच झाली होती. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ते दुपारी जेवून त्या सामाईक भिंतीला डोकं लावून झोपत. आता भिंत गप्प होती आणि सुभेदार टक्क जागे होते. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या चपलांना पॉलिश केलं. दुसऱ्या दिवशी कपाट आवरलं. शुक्रवारी आवरायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की उद्या साताऱ्याच्या कोर्टात जाऊन त्या कखगला मानगूट धरून गावात आणणार.

शनिवारी सकाळी ते बूट घालून उंबऱ्यापाशी उभे राहिले. संयोगिता दारात आडवी आली.

"पप्पा, जाऊ नका. कखग मीच हाय."

तिनं सगळं सांगितलं. सर, मॅडम, पाकीट, तात्यांचं उसातलं बोलणंसुद्धा. राजेश्वरीबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. अट सगळ्यांना पाठ होती.

लालासाहेबांनी खाली बुटांकडे पाहिलं. "पाकीट टाकलं कुनी?"

"तुमीच."

"म्हंजे अशील मी, डाक टाकनारा मी, आन् झोप उडाली ती बी माजीच." ते खुर्चीत बसले आणि बूट काढू लागले. "त्यो थोरला तुज्या शिक्षनापायी उंदरांत झोपतोय, आन् मी कॉलेज बंद करू व्हय? कागद घे."

त्यांनी सांगितलं आणि तिनं लिहिलं. आपण घोरणे बंद केल्यापासून माझ्या वडिलांना झोप नाही. तरी ही नोटीस मिळताच अंथरुणासह मूळ जागी हजर व्हावे आणि दुपारी एक वाजता काम पूर्ववत सुरू करावे. खाली तिनं सवयीनं 'क' लिहिला, तेव्हा लालासाहेबांनी तो खोडायला लावला. "तुजं नाव लिव. फुडं ह्येच लिवनार हायस जलमभर." मग त्यांनी चष्मा लावला, पाकिटावरचा पत्ता मोठ्यानं वाचला आणि पोस्टाच्या भानगडीत न पडता स्वतः उसाकडे चालू लागले.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी भिंत पुन्हा बोलू लागली, आणि अलीकडे सुभेदार लहान मुलासारखे झोपले.

आता सरांना द्यायच्या फाइलला जोडायला मूळ नोटीस हवी होती. संयोगिता ती मागायला गेली तर तात्यांनी टोपी घट्ट धरली. "पुतनीची पैली नोटीस हाय. ही मिळनार न्हाई. पायजे तर वकील लाव." शेवटी तिनं दुसऱ्या नोटिशीची प्रत जोडली. आठवड्यानं फाइल परत आली. दहापैकी चार गुण होते, आणि खाली लाल शाईत सरांचा शेरा होता: 'भाषा चांगली. परंतु असे शेजारी प्रत्यक्षात नसतात.'