चाळीस पानांचा फुगवटा

सासूबाई गेली सहा वर्षं जावयाला 'डॉक्टर' म्हणत होत्या. तो पदार्थविज्ञानात पीएच.डी. करत होता आणि ती अजून हाती यायची होती; पण त्याचं काम एक्स-रेचं आहे एवढं कळल्यावर त्यांनी कशाचीच वाट पाहिली नाही. नात्यात कुणाचंही हाड दुखलं की फिल्म त्याच्यापुढे यायची. "आई, एक्स-रे तयार कसे होतात ते मी बघतो. फिल्म वाचता येत नाही मला," असं त्याने एकदा सांगून पाहिलं. "जो तयार करतो त्याला कळणार नाही, तर कुणाला?" सासूबाई म्हणाल्या.

काम सांगायला सोपं होतं. वेगवान इलेक्ट्रॉन सोन्याच्या वर्खावर आदळायचे, तिथल्या अणूंपाशी त्यांना ब्रेक लागायचा आणि हरवलेल्या वेगातून एक्स-रे निघायचे. ते मोजून आलेख काढायचा. आलेखात डावीकडे एक फुगवटा यायचा, जो कुठल्याही पुस्तकात नव्हता. त्याच्या मार्गदर्शक सरांनी या फुगवट्याचं चाळीस पानी स्पष्टीकरण लिहिलं होतं आणि त्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. प्रबंधाचा सगळा डोलारा त्या फुगवट्यावर उभा होता.

शुक्रवारी परीक्षक येऊन यंत्र चालवून बघणार होते. या खेपेला जमलं नाही तर मुदत संपली, असं ऑफिसने लेखी कळवलं होतं. बिचाऱ्याने तीन आठवडे खपून नवा वर्ख केला. शर्टाच्या बटणाएवढ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेला, आणि इतका पातळ की जवळ श्वास रोखून वावरायचं. गुरुवारी सकाळी तो चिमट्यात धरून यंत्राकडे नेत असताना खिशातला फोन वाजला. बायकोचा. घेतला नाही तर ती सतरा वेळा करणार. त्याने मोकळ्या हाताने फोन काढला आणि म्हणाला, "हॅलो."

त्यातल्या 'ह'नेच कारभार आटोपला. चौकट रिकामी झाली.

"अहो, आईने मामाच्या गुडघ्याचा फोटो पाठवलाय. बघितलात का?"

"मेलो!"

"अगंबाई! एवढं मोडलंय?"

तेवढ्यात दारातून सरांचा आवाज आला. परीक्षकांना आजचीच गाडी मिळाली होती आणि ते सरांबरोबर आलेच होते. त्याने फोन बंद केला आणि रिकामी चौकट यंत्रात सरकवली. वर्ख नाही म्हणजे एक्स-रे नाहीत. यंत्र बिघडलंय म्हणायचं आणि आठवडाभर मागून घ्यायचा, एवढंच त्याला सुचलं.

पंपाने आतली हवा ओढेपर्यंत तासभर गेला. मग इलेक्ट्रॉनांचा झोत सुरू झाला आणि पडद्यावर आलेख सावकाश चढू लागला. डावीकडे फुगवटासुद्धा आला.

"हाच तो!" सर आनंदाने ओरडले. "बघा, सहा वर्षांच्या मोजण्यांशी तंतोतंत!"

सोनं नाही, तरी आलेख तोच. म्हणजे झोत कधी वर्खावर पडतच नव्हता, चौकटीच्या कडेवर आदळत होता. आयुष्याची सहा वर्षं त्याने ॲल्युमिनियम मोजण्यात घालवली होती. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं.

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं. "छान. आता एकच राहिलं. वर्ख न लावता, नुसत्या चौकटीवर एकदा मोजलंय ना?"

"मोजलं असेल की," सर हसून म्हणाले. "पहिल्याच वर्षी करतात ते. काय रे?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. सासूबाईंचा शब्द सहा वर्षांनी खरा झाला असता. सरांच्या खुललेल्या चेहऱ्याकडे बघून त्याला फार वाईट वाटलं.

"हो सर. मोजलंय."

"मग दाखवा बघू," परीक्षक म्हणाले.

त्याने पडद्याकडे बोट केलं. "हेच."

सर हळूच स्टुलावर बसले. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा फोन वाजला.

त्याने तो कानाला लावला आणि छातीभर श्वास घेऊन मोठ्याने म्हणाला, "हॅलो!" आता मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.