मेश्रामकाका आणि रजेचं पान

मेश्रामकाका कॉम्प्युटरला उत्तरं द्यायचे. तीही मोठ्यानं. पडद्यावर ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं आलं की म्हणायचे, ‘‘आहे जी. नसती तर दाबलं असतं काहून?’’

वाघोलीजवळच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. मूळचे यवतमाळचे, पुण्यात अर्धं आयुष्य गेलं तरी बोली तिकडचीच. मी तिथली प्रोग्रामर. कंपनीचं नवं इंट्रानेट, म्हणजे फक्त आम्हा कर्मचाऱ्यांपुरती वेबसाइट, मी बनवत होते. सुरू करण्याआधी ती वापरणाऱ्यांकडून तपासून घ्यायचं ठरलं. बाकीच्यांनी ‘छान आहे’ असं लिहून चहा घेतला. काकांनी अट घातली, ‘‘बनवणारीनं शेजारी बसायचं, अन् तोंड उघडायचं नाही.’’

मग आठवडाभर मी नटबोल्टच्या खोक्यावर बसले. काका एकेक बटण दाबत, अडले की वहीत लिहीत. मी नारायण पेठेतली. आमच्या घरी कुणी गप्प बसलं की ताप आलाय का बघतात. एकदा राहवेना.

‘‘काका, ते बटण वर उजवीकडे आहे.’’

‘‘सगळ्यांच्या शेजारी तुम्हीच बसणार आहात का जी, मॅडम?’’

वहीत नोंद झाली.

तशा नोंदी पुष्कळ. ‘हातमोजे शोधले, स्नेहसंमेलनाचे फोटो आले.’ ‘काहीतरी चुकलं, असं म्हणते. काय चुकलं ते सांगत नाही.’ मी घरी जाऊन चिडचिड करायची आणि सकाळी येऊन दुरुस्त करायची.

शेवटच्या दिवशी वही चाळताना लक्षात आलं, एका पानाबद्दल एक अक्षर नाही. घरच्यांच्या आजारपणासाठीच्या रजेचं पान.

‘‘हे राहिलं का?’’

‘‘राहू द्या.’’

मी उघडलं. आजारी व्यक्तीशी नातं निवडायचं होतं: आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी. काका चष्मा पुसत राहिले.

‘‘सुमनताई दवाखान्यात आहे. मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनंच वाढवलं. माझ्यापायी लग्न नाही केलं तिनं. लोक म्हणतात ‘आई’ निवडा, कोण पाहते? पण खोटं कसं लिहू?’’

‘‘मग वहीत का नाही लिहिलंत?’’

‘‘चुका शोधाले बसवलं जी मले. स्वतःसाठी मागाले नाही.’’

मी तडक एचआरच्या मॅडमकडे गेले.

‘‘बहीण घातली की उद्या कुणी मावशी मागेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुठवर वाढवायची यादी?’’

‘‘मग यादीच काढून टाकूया.’’

त्यांनी थोडा विचार केला आणि होकार दिला.

दुसऱ्या दिवशी इंट्रानेट सुरू झालं, तेव्हा यादीच्या जागी रिकामी चौकट होती: ‘आजारी व्यक्ती तुमची कोण?’ काकांनी चष्मा चढवला. मग एका बोटानं, अक्षरं शोधत, टाइप केलं: ‘सुमनताई’.

तिथे खरं तर नातं हवं होतं, नाव नाही. एचआरच्या मॅडमनी ते वाचलं आणि एक शब्दही न विचारता रजा मंजूर केली. काका संध्याकाळच्या गाडीनं यवतमाळला गेले.