अण्णांचा भोपळा आणि आईचा अंगठा

आमच्या शेजारचे हुक्केरीकर अण्णा भेंडीला व्हर्नियर लावतात. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात नळ्यांची जाडी मोजायचं ते पोलादी मापक. इतर म्हाताऱ्यांच्या खिशात चष्म्याचं घर असतं, अण्णांच्या खिशात हे. बेंगळुरूतल्या आमच्या महादेवपुऱ्याच्या सोसायटीच्या दाराशी भाजीची गाडी आली की अण्णा एक भेंडी उचलतात, मधोमध मोजतात आणि जाहीर करतात, "जाड हाय. रिजेक्ट." भाजीवाला "सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा, म्हणतो आणि तीच भेंडी आम्हाला विकतो.

अण्णा मूळचे बेळगावकडचे. सगळा जन्म एका सरकारी कारखान्याच्या माल तपासणी खात्यात गेला. बाहेरून आलेला एकेक खिळा त्यांच्या टेबलावरून आत जायचा. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, तपासणी काही सुटली नाही. खिशात व्हर्नियरशेजारी लाल-निळी पेन्सिल असते. वस्तू पास झाली की निळी बरोबरची खूण, नापास झाली की लाल फुली. गॅसच्या सिलिंडरवर, तांदळाच्या पोत्यावर, कुठंही. माझ्या मावसभावाच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा त्यांनी लाल फुली मारली होती, कारण मुहूर्त आणि जेवण यांत फार अंतर होतं. आणि तोंडी कायम एकच वाक्य, "आधी सॅम्पल बघू."

लग्न त्यांनी केलं नाही. त्याचं कारण आमची आई सांगते, "मुलीकडचे सॅम्पल देईनात." घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, अक्का, अशी दोघंच. अक्का दिवसभर शिलाई मशीन चालवायच्या. आमच्या भिंतीतून ती खडखड ऐकू यायची आणि माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोक विचारायचे, तुझ्याकडे ट्रेन जाते का? गेल्या वर्षी अक्का धारवाडला मुलाकडे राहायला गेल्या, मशीनसकट. माझ्या मीटिंगा शांत झाल्या. मी तेवढाच विचार केला, खरं सांगायचं तर.

मग आईच्या पायाला नवी कोल्हापुरी लागली. आईला साखरेचा त्रास. अंगठ्याखाली झालेली एवढीशी जखम बघता बघता चिघळली. सर्जननी ती साफ केली आणि स्पष्ट सांगितलं, काही आठवड्यांत जखम भरू लागली नाही तर अंगठा काढावा लागेल. आईनं शांतपणे विचारलं, "मग चपलेचा अंगठा कशात घालू?" सर्जन हसले. मी हसू शकले नाही.

त्यावर उपाय होता तो पंपाचा. जखमेत फोमचा तुकडा बसवायचा, वरून पारदर्शक चिकट फिल्म लावायची, त्यातून नळी काढून पंपाला जोडायची. पंप हळूहळू ओढत राहतो, जखमेतलं पाणी एका डबीत जमा होतं आणि जखम आतून भरत येते. नर्स घरी येऊन ड्रेसिंग बदलणार होती, सामान मात्र आम्ही आणायचं. मी लॅपटॉप उघडला. फोम छोटा, मध्यम, मोठा. काळा, पांढरा. डब्या लहान आणि मोठ्या, आणि या कंपनीची डबी त्या कंपनीच्या पंपाला बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एवढी वर्षं काढून मी त्या पानासमोर ढ मुलीसारखी बसले होते. अडला हरी, तसं मी अण्णांचं दार वाजवलं.

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला जरा रागच आला. आईचा अंगठा जायची वेळ आली होती आणि यांना खरेदी मिळाली होती!

"स्वल्प थांबा," ते म्हणाले. "गडबड करायची नाही. डॉक्टरनी काय लिवलंय ते आधी दाखवा बघू."

पुढचे दोन दिवस त्यांनी बेंगळुरूतल्या दुकानदारांना फोन करून सळो की पळो केलं. "डबीचं तोंड कसलं हाय? आमच्या पंपाला बसतंय काय? बसतंय म्हणून तोंडानं सांगू नका, बसवून फोटो पाठवा." एका दुकानदारानं वैतागून विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? अण्णा म्हणाले, "न्हाई. मी घेणारा हाय." पण काम चोख झालं. सर्जननी लिहिलेल्या मापाचा फोम, जुळणारी डबी, भाड्याचा पंप, सगळं एकाच खोक्यात आलं. खोकं अण्णांनी आपल्या घरी नेलं. पास झाल्याशिवाय आमच्या उंबऱ्याच्या आत काही येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लता सिस्टर आल्या, हुबळीच्या, चटपटीत आणि कमी बोलणाऱ्या. अण्णा खोकं घेऊन हजर झाले. प्रत्येक पाकिटावर निळी बरोबर. सिस्टरनी एक पाकीट उचललं, मग दुसरं, मग सगळीच उलटीपालटी केली.

"अय्यो! ये किसने खोला?"

"मी," अण्णा अभिमानानं म्हणाले. "एरवी एखादं सॅम्पल बघतो. पण वैनींच्या पायाचा प्रश्न म्हणताना सगळी तपासली. फोमची जाडी एक नंबर. आणि भोपळ्यावर लावून बघितलं, कुठं गळत न्हाई."

भोपळ्यावर! मला हसावं की रडावं कळेना. सिस्टरनी कपाळाला हात लावला. ही पाकिटं जंतू मारून बंद केलेली असतात, उघडली की जखमेला चालत नाहीत, हे त्यांनी अण्णांना दोन वाक्यांत सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "सब रिजेक्ट."

अण्णांच्या तोंडावर हा शब्द आयुष्यात कोणी टाकला नसेल. मी तर फाडफाड बोलणार होते, तेवढ्यात त्यांनी पेन्सिल काढली, लाल बाजूनं एकेक पाकिटावर फुली मारली आणि खोकं उचलून निघून गेले. सिस्टरनी तात्पुरतं साधं ओलं गॉज बांधलं. आई म्हणाली, "त्यांना बोलू नकोस हं."

बोलायला ते होतेच कुठं? स्कूटर काढून मारतहळ्ळीच्या दुकानात गेले होते. संध्याकाळच्या आत नवीन सामान घेऊन आले आणि पिशवी पोटाशी धरून आमच्या सोफ्यावर बसून राहिले. "तारीख बघितली, सील बघितलं. हात लावलेला न्हाई," ते म्हणाले. "तुम्हीपण लावू नका." सिस्टर परत येऊन पाकीट फोडेपर्यंत त्यांनी पिशवी कुणाच्या हाती दिली नाही. मी चहा दिला तो त्यांनी डाव्या हातानं प्यायला.

पंप सुरू झाला. बारीक, संथ घरघर. अण्णा कान देऊन ऐकत होते. "आवाज बरा हाय," म्हणाले. "पास."

त्यानंतर ते रोज यायचे. जखमेकडे बघायचे नाहीत, ते त्यांना झेपत नसे. फक्त पंपाशी बसायचे. एका दुपारी आवाज जरा बदलला तर आमच्या आधी त्यांना कळलं की फिल्मची कड सुटली आहे. सिस्टरना फोन लावला, त्यांनी सांगितलं तशी मी कड दाबली, घरघर पुन्हा सुरळीत. आई आणि अण्णा मग भेंडीच्या जाडीवर वाद घालत बसायचे. आईचं दुखणं त्या वादात कसं निघून गेलं, तिलाही कळलं नसेल.

आणि जखम भरत आली. सर्जन म्हणाले, अंगठा वाचला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले आणि पहिला फोन अण्णांना केला. ते म्हणाले, "सरी. सरी, सरी."

पंप परत करायचा होता. अण्णा म्हणाले, "माल जाताना पण तपासावा लागतोय. मी बघतो." घेऊन गेले. आठवडा गेला, दुकानदाराचे फोन मला येऊ लागले. अण्णांना विचारलं की, "टेस्टिंग चालू हाय." मी वैतागले. एका दुपारी म्हटलं, आता जाऊन आणतेच.

"थांब, मी येते," आई म्हणाली. तिनं मऊ नव्या सपाता घातल्या आणि भिंतीला हात न लावता चालू लागली. आजारपणानंतर आधाराशिवाय घराबाहेर टाकलेली तिची पहिली पावलं ती. शेजारच्या दारापर्यंत.

दार उघडंच होतं. अण्णा टेबलाशी जेवत होते. वरण-भात, लोणचं. आणि समोरच्या खुर्चीपुढे, जिथं अक्का बसायच्या, तिथं एक भोपळा. त्याच्या पोटावर फुली मारलेल्या पाकिटातला फोम, वर फिल्म, फिल्ममधून नळी, आणि शेजारी पंप. त्याची घरघर सोडली तर घरात कसलाच आवाज नव्हता.

अण्णा गडबडून उठले. "गळतंय काय बघायलोय," म्हणाले. मग त्यांची नजर आईच्या पायांकडे गेली. तिच्या पावलांकडे, तिच्यामागच्या रिकाम्या पॅसेजकडे. हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला, पेन्सिल बाहेर आली, निळी बाजू पुढे झाली. पण खूण करायची कुठं? ते तसेच उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

आईनं पंपाचं बटण बंद केलं. घर एकदम गप्प झालं, इतकं की मला ते सहन होईना. ही शांतता मी वर्षभर भिंतीपलीकडून ऐकत होते आणि सोय झाली म्हणत होते.

"अण्णा," आई म्हणाली, "आवाजच हवाय तर आमच्याकडे या की. ही दिवसभर फोनवर ओरडत असते, मी हिच्यावर ओरडते. उद्यापासून जेवायला या."

अण्णांनी डोळे पुसले, घसा साफ केला.

"आधी सॅम्पल बघू," ते म्हणाले.

तेव्हापासून अण्णा रोज आमच्याकडे सॅम्पल जेवतात. आमटी चाखतात, मान हलवतात, पास की रिजेक्ट ते काही सांगत नाहीत. मी एकदा विचारणार होते. आई म्हणाली, विचारू नकोस, तपासणी चालू राहू दे.