दामल्यांच्या दारावरची ढाल

ल्यूकन या आयरिश उपनगरातल्या आमच्या घरांच्या ओळीत कुणाच्या दारावर फुलांचं कडं असतं, कुणाच्या नुसता घरनंबर. शेजारच्या दामल्यांच्या दारावर मात्र एका जर्मन खेड्याचं मानचिन्ह आहे. हिरवी ढाल, तिच्यावर पाणचक्कीचं अर्धं चाक आणि वर गव्हाच्या तीन ओंब्या.

दामले मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले. इकडे येण्याआधी काही वर्षं त्या खेड्यात होते. बेल वाजवणाऱ्याला ते आधी ढालीचा अर्थ सांगतात, मग आत घेतात. "प्रत्येक रेघेला अर्थ आहे हो," हे त्यांचं पालुपद. ओंब्या म्हणजे तीन वाड्या. त्या मिळून एक गाव झालं, तेव्हा प्रत्येक वाडीला ढालीवर आपलंच काहीतरी हवं होतं. शेवटी शाळेच्या मास्तरांनी वैतागून तिघींना एकेक ओंबी देऊन टाकली, तीही सारख्याच उंचीची. चाक अर्धं, कारण अर्धी गिरणी पुरात गेली. पार्सल देणारा आयरिश माणूस हे सगळं भर पावसात ऐकतो आणि "ग्रँड, ग्रँड" करत सटकतो.

गेल्या वर्षी समोरच्या घरात हाना नावाची जर्मन बाई राहायला आली. तिची आई नेमकी त्याच गावात राहते म्हटल्यावर मी तिला हौसेने दामल्यांकडे घेऊन गेलो. दामल्यांनी तिला तिच्याच गावची ढाल समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, की गाव आता शेजारच्या शहरात सामील झालंय. ही ढाल तिथे कुणी वापरत नाही.

विषय बदलावा म्हणून हानाने विचारलं, तुम्ही राहायचात कुठे?

"बेकरीच्या वर," दामले म्हणाले. "मी आणि नीलिमा."

दामल्यांचं लग्न झालं होतं, हे मला तेव्हा कळलं. नीलिमाताई तिथे दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तिथेच गेल्या. दामले ऑफिसला गेले की गावातल्या बायका आळीपाळीने त्यांच्याजवळ बसत. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. खिडकीतून समोरच्या कचेरीवरची ढाल दिसे. तिचा अर्थ त्या बायकांनी हातवारे करून नीलिमाताईंना सांगितला आणि त्यांनी संध्याकाळी नवऱ्याला.

हानाने तिथूनच आईला फोन लावला. दामल्यांनी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये आपलं आणि नीलिमाताईंचं नाव सांगितलं. मग बराच वेळ पलीकडची बाईच बोलत होती. दामले इतका वेळ नुसतं ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिले.

फोनवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले.

"त्या बायका अजून झब्बू खेळतात म्हणे. नीलिमाने शिकवला. मला कधी बोलली नाही."