समाधानकारकरीत्या बंद पडणारा संगणक

गोरेगाव तालुक्यातील धान खरेदी केंद्र क्रमांक सातचा संगणक एकोणीस दिवसांत अकरा वेळा दुरुस्त झाला. एखादी वस्तू इतक्या वेळा दुरुस्त होते म्हणजे ती बिघडलेली असावी, असा निष्कर्ष उतावळे लोक काढतात. मुख्यालयाच्या तक्त्यात मात्र केंद्र क्रमांक सात जिल्ह्यात पहिले होते: तक्रारी अकरा, निवारण अकरा, समाधान शंभर टक्के.

या केंद्रावर इंद्रकुमार अकरा महिन्यांच्या करारावर ऑपरेटर होता. शेतकऱ्याचा सातबारा, आधार आणि पासबुक चढवायचे, त्याला समोर बसवून फोटो काढायचा आणि नोंदणी पुढे पाठवायची, एवढेच त्याचे काम. संगणक सुरू झाला की पस्तीस मिनिटे उत्तम चाले. मग पडदा काळा होई, आतून एक उसासा ऐकू येई आणि अर्धी भरलेली नोंदणी घेऊन यंत्र निजून जाई.

तक्रार केली की गोंदियाहून हिमांशू नावाचा तंत्रज्ञ मोटारसायकलवर येई. तो फॉरमॅट मारी, नवी सिस्टिम टाकी, आणि पडद्यावर निळ्या डोंगरांचे नवे चित्र उमटले की इंद्रकुमारपुढे समाधानपत्र ठेवी. ही सही पंधराव्या मिनिटाला होई. पंधराव्या मिनिटाला यंत्र चालू असल्याचे दोघांनीही प्रामाणिकपणे पाहिलेले असे. हिमांशू गोंदियाच्या रस्त्याला लागेपर्यंत ते निजलेलेही असे.

समाधान झालेली तक्रार पुन्हा करता येत नसे. त्यामुळे इंद्रकुमारला दर वेळी नवा बिघाड शोधावा लागे. पहिल्यांदा त्याने ‘यंत्र बंद पडते’ असे लिहिले, दुसऱ्यांदा ‘यंत्र चालू राहत नाही’. सहाव्या तक्रारीत यंत्राला अंधारी आली आणि नवव्या तक्रारीत त्याने ‘यंत्र वेळेपूर्वी विश्रांती घेते’ असे नोंदवले. त्यावर मुख्यालयाने खुलासा मागितला, की विश्रांतीची वेळ कोणी मंजूर केली.

पुढे मुख्यालयाने विचार केला. सिस्टिम अकरा वेळा नवी टाकली, म्हणजे दोष सिस्टिममध्ये नाही. उरतो तो ऑपरेटर. इंद्रकुमारला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला गोंदियाला बोलावले. तिथे त्याला संगणक सुरू कसा करावा हे शिकवले गेले आणि प्रमाणपत्र मिळाले. त्या दिवशी केंद्राला कुलूप होते. अहवालात नोंद झाली, ‘ऑपरेटरच्या अनुपस्थितीत यंत्रात कोणताही बिघाड आढळला नाही.’

खरे कारण खिडकीबाहेर होते. धान उफणायचा मोठा पंखा पूर्वी व्हरांड्याकडे तोंड करून असे. व्हरांड्यात ग्रेडर दुर्गाप्रसाद बसत. धानात ओल ते सांगतील तितकीच असे. म्हणून त्यांच्या चहात तूस पडू लागले तेव्हा कोणी चहा हलवला नाही, पंखा फिरवला. आता तूस खिडकीतून थेट संगणकाच्या पेटीत जाई.

इंद्रकुमारला संशय होता, कारण पस्तिसाव्या मिनिटाला खोलीत लाह्या भाजल्यासारखा वास येई. त्याने हिमांशूला पेटी उघडायला सांगून पाहिले. हिमांशूने पेटीवरचे सील दाखवले.

“देखो भैया, खोलना हार्डवेअरवालों का काम है. वो तब आएँगे, जब हम लिखके देंगे कि सॉफ्टवेअर में प्रॉब्लेम नहीं.”

“मग लिहून द्या ना.”

“प्रॉब्लेम होगा तब ना लिखेंगे. तुमने तो ग्यारह बार समाधान लिखके दिया है.”

नोंदणीचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी बाराला एक्केचाळीस शेतकरी रांगेत उरले होते. नोंदणी नाही तर सरकारी खरेदी नाही. आवारात आणून टाकलेले कट्टे, म्हणजे धानाची पोती, उचलून परत न्यायचे आणि व्यापारी म्हणेल त्या भावात द्यायचे. रांगेच्या टोकाला इंद्रकुमारचे वडील उदाराम उभे होते. मुलगा आत असताना बापाने पुढे घुसणे बरे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. सर्वांत पुढे होत्या गीताबाई. त्यांची नोंदणी आठ वेळा अर्धी राहिली होती आणि फोटो आठ वेळा निघाला होता.

“काऊन गा इंद्रकुमार,” नवव्या फोटोला बसताना त्या म्हणाल्या, “माह्या लग्नात बी एवढे फोटो नाही काढले. तुह्या सरकारले माह्यासाठी नवरा पाहाचा हाय का?”

रांग हसली. तेवढ्यात वास आला आणि पडदा काळा झाला. गीताबाई उठल्या, त्यांनी पेटीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

“याच्यात धान भाजून राहिले का तुमी?”

इंद्रकुमारने सील, हार्डवेअर, सॉफ्टवेअर हे सगळे त्यांना समजावून सांगितले. गीताबाईंनी शांतपणे ऐकून घेतले.

“चूल पेटत नसन त राख काढाव का रोज नवी चूल मांडाव?”

मुख्यालयाला हा प्रश्न एकोणीस दिवसांत सुचला नव्हता. पेटी उघडायला पंखेवाल्याचा पेचकस आला. गीताबाईंनी नखाने सील फोडले. त्या वेळात इंद्रकुमारने भिंतीवरचे आर्द्रतेचे परिपत्रक दोनदा वाचून काढले. पेटीतून सूपभर तूस निघाले. रांगेतल्या चौघांनी पंखा उचलून पुन्हा व्हरांड्याकडे फिरवला. दुर्गाप्रसादांनी कप बशीने झाकला. यंत्र दुपारपासून अंधार पडेपर्यंत एकदाही निजले नाही. गीताबाई पहिल्या, उदाराम एक्केचाळिसावे. सगळ्यांची नोंदणी झाली.

तिसऱ्या दिवशी चौकशी आली. केंद्र क्रमांक सातचा संगणक सलग सहा तास चालल्याचे मुख्यालयाला दिसले होते, आणि हे संशयास्पद होते.

चौकशी अधिकारी सौम्य गृहस्थ होते. तुटलेले सील पाहून त्यांनी एकच मुद्दा काढला: सील नोंदणीच्या आधी तुटले की नंतर? आधी तुटले असेल, तर नोंदणी अनधिकृत यंत्रावर झाली; एक्केचाळीसही रद्द. नंतर तुटले असेल, तर नोंदणी वैध, आणि सील हा ऑपरेटरचा स्वतंत्र खोडसाळपणा. शेतकऱ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांनी पंचनामा दुसऱ्या प्रकारे लिहून आणला होता. आता फक्त साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या.

आवारात गीताबाई पुढे झाल्या.

“सील म्या तोडली. आधीच तोडली. लिवा माहं नाव.”

“लिहितो,” अधिकारी म्हणाले. “मग तुमच्यासकट सगळ्यांचे कट्टे घरी.”

गीताबाईंनी मागे पाहिले. मागचे चाळीस जण आपापल्या कट्ट्यांकडे पाहत होते.

“सही करून टाक मावशी,” इंद्रकुमार म्हणाला.

“मले खोटं बोलता येत नाही गा.”

“बोलाचं नाही. फक्त सही कराची.”

त्यांनी केली. मग रांग सरकू लागली. यंत्रावर कधी इतक्या झपाट्याने सरकली नव्हती. शेवटी उदाराम आले. त्यांनी पेन झटकून पाहिले, सावकाश पूर्ण नाव लिहिले आणि मुलाकडे न पाहता विचारले, “जेवाले येतस ना?”

इंद्रकुमार जेवायला गेला. पुढच्या महिन्यापासून तो दुपारीही घरीच जेवू लागला, कारण कराराचे नूतनीकरण झाले नाही.

धान खरेदी झाले, गिरणीत गेले, तांदूळ होऊन पोत्यांतून जिल्ह्याबाहेर पडले. ते शिजवताना, सील आधी तुटले की नंतर, असे कोणत्याही घरात कोणी विचारल्याची नोंद नाही. पंचनाम्याच्या छापील नमुन्यात साक्षीदारांसाठी पन्नास ओळी असतात आणि एकही ओळ कोरी ठेवता येत नाही, असा नियम आहे. नऊ उरल्या आहेत. आपण आज दुपारी भात खाल्ला असेल, तर बोलायचे काही नाही. फक्त सही करायची आहे.